रुळेपर्यंतचं बोलणं

आमच्या घरी दोन पुरुष आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. भांडतही नाहीत, कारण भांडायलाही बोलावं लागतं. जे काही सांगायचं ते दोघं मला सांगतात आणि मी ते पलीकडे पोचवते. पलीकडे म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

"अगं, त्याला सांग, दूध उतू चाललंय," सासरे म्हणतात. तो, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, गॅसपाशीच उभा असतो. मी आतल्या खोलीत पेपर तपासत असते. मी पेन खाली ठेवते, उठते, स्वयंपाकघरात येते आणि म्हणते, "दूध उतू चाललंय." तोवर ते गेलेलं असतं. मग नवरा ओटा पुसत म्हणतो, "त्यांना सांग, माझं लक्ष होतं."

मी विद्यापीठात भाषा शिकवते. बोलायला नाही शिकवत, ते सगळ्यांना येतंच, उलट जरा जास्तच येतं. बोलणाऱ्याला जे म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्याला जे कळतं त्यांच्यात अंतर का पडतं, हा माझा विषय. विद्यार्थ्यांना तो दरवर्षी सोपा वाटतो. मला आता कसलाच वाटत नाही. दिवसभर ते अंतर फळ्यावर आखायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तेच पायी चालायचं, एवढंच.

अबोल्याचं कारण सांगते, म्हणजे फार मोठं काही असेल ही आशा राहायला नको. सासूबाई गेल्यानंतर नवऱ्याने घरातला जुना, तारेचा फोन काढून टाकला. कुणी वापरत नव्हतं, बिल मात्र येत होतं. सासरे रेडिओवर बातम्या वाचायचे. सगळा जन्म त्यांनी अशा लोकांशी बोलण्यात घालवला ज्यांना उलट बोलायची सोय नव्हती, आणि भेटेल त्याला त्यांनी तो घरचा नंबर दिलेला होता. फोनची जागा रिकामी बघून ते म्हणाले, "कुणी फोन केला तर?" नवरा म्हणाला, "कोण करणार आहे?"

नवऱ्याच्या मते हा साधा प्रश्न होता. तो विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. गाडी खांबावर कशी आदळली याच्या कहाण्या तो दिवसभर ऐकतो आणि प्रश्नच विचारतो. सासऱ्यांच्या मते तो प्रश्न नव्हता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि माणसं आपापल्या जागी बरोबर असली की तिथेच बसून राहतात. पुढे नवऱ्याने त्यांना मोबाइल आणून दिला. तो माझ्या हाती दिला, मी त्यांच्या हाती दिला, त्यांनी तो खोक्यासकट कपाटात ठेवला. या गोष्टीला सहाएक वर्षं झाली.

यंदा दुसऱ्या शहरातल्या एका विद्यापीठाने मला वर्षभर शिकवायला बोलावलं. जायची कारणं मी अर्जात व्यवस्थित लिहिली होती: नवा अभ्यासक्रम, मोठं ग्रंथालय, वगैरे. खरं कारण असं, की ते राहायला खोली देणार होते आणि तिचा फोटोही त्यांनी पाठवला होता. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. एकच खुर्ची. मी तो फोटो बसमध्ये काढून बघत असे.

नवरा म्हणाला, "जा की. मी कधी नको म्हटलंय? फक्त बाबांचं कसं करायचं, ते त्यांना विचारून घे."

सासरे म्हणाले, "अवश्य जा. संधी अशी पुन्हा येत नाही. फक्त त्याला विचार, माझं काय ठरवलंय त्याने."

म्हणजे माझ्या जाण्याची परवानगीसुद्धा माझ्याच डोक्यावरून वाहून न्यायची होती. मी तशी ती चार-पाच वेळा नेली-आणली. दर फेरीला ती होती तेवढीच राहिली. महिनाअखेर उत्तर कळवायचं होतं. मी गेले तर ही दोन माणसं एका घरात काय करतील हे मला दिसत होतं: एक जण अंधारात पडेल आणि दुसरा शेजारच्या खोलीत बसून कुणीतरी येऊन सांगायची वाट बघेल.

त्याच सुमारास आमच्या विभागाने एक प्रकल्प हाती घेतला. घराघरांत लोक जेवताना, आवराआवर करताना सहज कसे बोलतात, ते रेकॉर्ड करून जपून ठेवायचं. कल्पना चांगली होती. अडचण अशी, की एकही घर तयार होईना. लोक आपलं भांडण शेजाऱ्यांना फुकट ऐकवतात, विद्यापीठाने मागितलं की मूग गिळून बसतात. शेवटी विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. हे गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी "एक लक्षात घ्या" म्हणतात, त्यामुळे त्यांचं काहीच कुणाच्या लक्षात राहत नाही.

"एक लक्षात घ्या," ते म्हणाले, "आपल्यालाही घरं आहेत."

सगळे आपापल्या नखांकडे बघू लागले. ज्या विभागात संभाषणावर सात जण काम करतात तिथे अशी शांतता क्वचितच ऐकायला मिळते.

"मॅडम, तुमच्याकडे किती माणसं?"

"तीन."

"बोलती आहेत?"

"आहेत. माझ्याशी."

"उत्तम," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात रेकॉर्डर दिला.

आमच्या कामाचा एक नियम आहे. समोर यंत्र असलं की माणूस सुरुवातीला सावरून बसतो, पुस्तकी बोलतो. पण रोज ते तिथेच पडून राहिलं की तो त्याला रुळतो, विसरतो आणि मग खरं बोलायला लागतो. म्हणून सुरुवातीचे काही तास फेकून द्यायचे. त्याला आम्ही "रुळेपर्यंतचं" म्हणतो. रुळेपर्यंतचं खोटं, रुळल्यानंतरचं खरं. याच्यावर परीक्षेत हमखास प्रश्न असतो.

मी यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. नवऱ्याने न वाचता केली. सासऱ्यांनी विचारलं, "याचं पुढे काय करणार?"

"जपून ठेवणार. पन्नास वर्षांनी कुणाला ऐकावंसं वाटलं तर ऐकता येईल."

"पन्नास," ते म्हणाले आणि आत गेले. जेवायला आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. थोडा वेळ चमचे वाजले. मग सासऱ्यांनी घसा साफ केला, मान वळवली आणि थेट मुलाकडे बघून म्हणाले, "पंखा आज जरा हळू फिरतो आहे. तुझं काय निरीक्षण आहे?"

नवऱ्याचा घास हातात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं. त्यानेही यंत्राकडे पाहिलं. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्यांपुढे, बापाने विचारलं तर हा बोललाच नाही, अशी नोंद राहणार, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. विम्यातला माणूस. कागद कुठे अडकवेल हे त्याला कळतं.

"हळू आहे खरा," तो म्हणाला. "उद्या बघतो."

"आभारी आहे."

"त्यात आभार कसले, बाबा."

मी पाणी प्यायला उठले, ते बराच वेळ पीत राहिले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरी सभ्यतेचा नुसता पूर आला होता. सासरे रोज सकाळी पेपर वाचून संध्याकाळसाठी विषय काढून ठेवत. नवरा ऑफिसातल्या गमती सांगू लागला. एकाने गाडीला म्हैस आडवी आली असं लिहिलं आणि नंतर फोटोत दिसला तो पेट्रोल पंप, यावर सासरे चक्क हसले, आणि हसताना तोंड यंत्राच्या बाजूला नेलं. एकदा तर फोनचाही विषय निघाला.

"तू विचारायला हवं होतंस," सासरे म्हणाले.

"हवं होतं," नवरा म्हणाला. "मग तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"मग?"

"मग काय. निदान नाही म्हणायला तरी मिळालं असतं."

मला वाटलं, भिजत पडलेलं घोंगडं एकदाचं वाळत पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या विद्यापीठाला येते म्हणून कळवलं, नवऱ्याला सांगितलं आणि बॅग खाली काढली.

विभागप्रमुखांनी माझं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. डोळे मिटून. मग डोळे उघडले आणि म्हणाले, "छान आहे. फेकून द्या."

"सगळं?"

"एक लक्षात घ्या, मॅडम, कुठल्या घरात बाप मुलाला 'तुझं काय निरीक्षण आहे' असं विचारतो?"

"आमच्या."

"ते यंत्राशी बोलतायत. एकमेकांशी नाही. रुळू द्या त्यांना."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मीही वर्गात तेच सांगते. मी फक्त इतकंच म्हटलं, की नाही रुळले तर बरं. ते त्यांना कळलं नाही. समजावून सांगायचा मला कंटाळा आला.

आणि झालंच तसं. ते दोघं रुळायला लागले. आधी इस्त्रीचा शर्ट गेला. मग दाढी. मग सासरे चष्म्याचं घर यंत्रावर ठेवू लागले आणि नवऱ्याने विजेचं बिल उडू नये म्हणून त्याच्याखाली दाबलं. लाल दिवा बिलामागून बिचारा लुकलुकत असे. पेपरातले विषय संपले. ऑफिसातल्या म्हशी संपल्या. मी रोज जेवताना दोघांच्या तोंडाकडे बघायची, एखाद्याचा ताप उतरू नये म्हणून बसावं तशी. जायला आठवडा राहिला असताना एका संध्याकाळी सासऱ्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "अगं, त्याला सांग, खिडकी लाव."

यंत्राचा दिवा लागलेला होता. नवरा खिडकीशेजारीच बसला होता.

"खिडकी लाव," मी म्हटलं.

"त्यांना सांग, उकडतंय," तो म्हणाला.

विभागप्रमुखांनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच सुख पाहिलं.

"हे बघा. हे खरं. किती सहज. आणि या सगळ्याच्या मध्यभागी तुम्ही." त्यांनी कागदावर एक त्रिकोण काढला आणि त्याच्या टोकावर मला बसवलं. "यावर मोठं काम होईल. तुम्हाला जायचं रद्द करता येईल का? एक लक्षात घ्या, तुमच्याशिवाय हे घर संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी बसमध्ये खोलीचा फोटो काढला आणि परत ठेवून दिला. मग त्या विद्यापीठाला लिहायचा मजकूर मनात जुळवायला लागले. घरगुती अडचणीमुळे. घरगुती अडचण, म्हटलं तर जेमतेम दोन खुर्च्यांची.

त्या दिवशी जेवताना मला बोलायचं त्राण नव्हतं. काही ठरवून केलं असं कुणी समजू नये. चार तास शिकवलेलं होतं, वर विभागप्रमुख झाले होते, बस उभ्याने झाली होती. सासरे म्हणाले, "अगं, त्याला सांग, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गाडी लागेल."

मी घास चावत राहिले.

नवऱ्याने ऐकलं होतं. कान शाबूत आहेत त्याचे. पण आमच्या घरच्या रीतीप्रमाणे त्याला अजून सांगितलं गेलं नव्हतं, म्हणून तो थांबला. सासरेही थांबले. दोघं माझ्याकडे बघत होते, एखादं सरकारी खिडकीवरचं माणूस जागेवर असून काम करत नाही तेव्हा लोक बघतात तसे. संभाषणात शांतता किती पडली ते आम्ही सेकंदांत मोजून लिहितो. तीन सेकंद म्हणजे संकोच. पाच म्हणजे राग. त्यापुढचं मोजायची वेळ कधी येत नाही, त्यापूर्वीच कुणीतरी खोकतं. आमच्याकडे कुणी खोकलं नाही. माझी पोळी संपली, मी दुसरी घेतली.

शेवटी सासऱ्यांनी हात लांब केला, यंत्रावरचं चष्म्याचं घर उचललं, बाजूला ठेवलं. आणि त्या लाल दिव्याकडे बघून, बातम्यांच्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली आहे."

नवऱ्याने यंत्राकडे तोंड केलं. "गाडी आहे. दहाला निघायचं की पोचायचं?"

"पोचायचं," सासऱ्यांनी यंत्राला सांगितलं.

"मग साडेनऊला तयार राहावं," नवऱ्याने यंत्राला सांगितलं.

मी दोघांच्या मध्येच बसले होते. माझं कुणाला काही काम नव्हतं. जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं जे मी जीव तोडून केलं ते एक मुठीएवढं यंत्र चार्जिंगवर करत होतं, आणि त्याला पेपरही तपासायचे नव्हते. पण दुखण्यापेक्षा झोप जास्त येत होती. मजकूर मनातच राहिला आणि मी ठरल्या दिवशी गेले.

विभागप्रमुखांनी रेकॉर्डर घरी राहू दिला. माझ्या गैरहजेरीत त्रिकोणाचं काय होतं, यावर आणखी एक लेख होईल असं त्यांच्या लक्षात आलं होतं. नवऱ्याने दर आठवड्याला रेकॉर्डिंग पाठवायचं आणि मी ते ऐकून शब्दाला शब्द उतरवायचं, असं ठरलं.

खोली फोटोत होती तशीच होती. खुर्ची एकच. पहिले काही दिवस मी नुसती तिच्यावर बसून राहिले. शिकवायला जायची, परत यायची, दार लावायची. माझ्यातून कुणाचं वाक्य जात नव्हतं. नवऱ्याला मी एक दिवसाआड फोन करायची, दोन मिनिटांचा: ठीक, ठीक, तिकडे ठीक. मग एका रविवारी मी कानाला लावून घर ऐकायला बसले.

फार काही नव्हतं. खुर्च्या सरकल्या, नळ चालू झाला, बंद झाला. दोघं यंत्राला जुजबी कळवत होते. दूधवाल्याचे पैसे दिले. औषध संपत आलंय. कुठे निघालोय, कधी येईन. मी निमूटपणे उतरवत होते. हमालाला भार कसला, तसं. मग एके ठिकाणी दार ओढल्याचा आवाज आला. नवरा बाहेर गेला असावा. आणि मग सासऱ्यांचा आवाज, अगदी जवळून.

"हे तिच्याकडेच जातं ना," ते कुणालाच विचारल्यासारखं म्हणाले. "तिला कळावं, की इकडे ठीक आहे. जेवण ठीक नाही, बाकी ठीक आहे." मग लांबलचक श्वास. "गेल्यापासून ती माझ्याशी एकदाही बोललेली नाही. त्याला फोन येतो. मला कळतं, कारण तो बाल्कनीत जातो."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. खरं होतं ते. सासऱ्यांच्या खोक्यातल्या मोबाइलवर फोन करायचा तर आधी कुणीतरी तो खोक्यातून काढायला हवा होता, आणि तसं मी कुणामार्फत सांगणार. पण मला ते सुचलंच नव्हतं, हेही खरं. मी तिथून निघाले तशी दोघांपासून एकदमच सुटले होते. कोण जास्त दमवायचं याचा हिशोब केला नव्हता.

मी नवऱ्याला फोन लावला.

"आज कसा काय? आज तर वार नाही," तो म्हणाला.

"बाबा आहेत?"

"आहेत. इथेच बसलेत. देऊ?"

खरं म्हणजे द्यायला हवा होता. पण त्यांच्याशी काय बोलायचं याची मला काहीच कल्पना नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना त्यांच्या मुलाचे निरोप सोडून दुसरं काही सांगितलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "त्यांना सांग, ऐकलं मी. आणि विचार, जेवणाचं काय झालं."

पलीकडे शांतता. मोजली नाही.

"तूच विचार ना," तो म्हणाला.

"विचार रे. मी दमलेय."

"अगं, पण ते... हे यंत्र तिकडे चार्जिंगला लावलंय."

"मग असू दे तिकडे."

लांब कुठेतरी टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. मग नवऱ्याने फोन तोंडापासून दूर नेला असावा, कारण त्याचा आवाज बारीक आला.

"बाबा."

टीव्हीचा आवाज कमी झाला.

"बाबा, ही विचारतेय, जेवणाचं काय झालं."

सासरे बोलले तेव्हा तो आवाज मला आधी ओळखूच आला नाही. त्यात बातम्या नव्हत्या. म्हातारा, किंचित कफ असलेला आवाज होता. "तिला सांग, तू बटाटे कच्चे ठेवतोस."

"म्हणतायत, बटाटे कच्चे राहतात," नवरा मला म्हणाला.

मला ऐकू आलं होतं. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"बटाटे. कच्चे."

"मग त्यांना सांग, बारीक चिरून द्या म्हणावं. नुसते बसून तर असतात."

"बाबा, ही म्हणतेय तुम्ही चिरून द्या."

"दिसत नाही मला नीट. नवा चष्मा अजून आणून दिलेला नाहीस."

"तुम्ही सांगितलं कधी तयार झाला म्हणून?"

"सांगितलं की. त्या यंत्राला सांगितलं."

"मी ते ऐकतो का? मी नुसतं पाठवतो हिला."

"मग ऐकावं."

"रोज तासभर? मी ऑफिसातून येऊन..."

"मी काय दिवसभर बोलतो त्याच्याशी? एक वाक्य असतं माझं."

"मग ते एक वाक्य मला सांगायला काय होतं तुम्हाला?"

याच्यावर सासरे काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही. फोन बहुधा टेबलावर ठेवला गेला होता. "अरे, ऐकतोयस का?" असं मी दोनदा म्हटलं. कुणी ऐकलं नाही. चष्म्याच्या दुकानापासून ते दोघं डॉक्टरांच्या फीपर्यंत गेले होते आणि आवाज चढत चालले होते.

विभागाच्या नियमाने हे काहीच उपयोगाचं नव्हतं. रेकॉर्ड झालेलं नव्हतं, सह्या घेतलेल्या नव्हत्या. मी फोन चालूच ठेवला, उशीपाशी टाकला आणि आडवी झाले. मधे एकदा माझं नाव निघालं, पण ते मला सांगायला नव्हतं, म्हणून मी उठले नाही.